पेटीवाल्या बाईंची गाडी

मी शोधत होतो गॅसचं पुस्तक. कपाटाच्या तिसऱ्या खणात, साड्यांच्या घडीखाली बायको एक कापडी पिशवी ठेवते आणि घरातले सगळे महत्त्वाचे कागद त्या पिशवीत असतात, एवढं मला माहीत होतं. पुस्तक काही मिळालं नाही. मिळाला तो तिचा गाडी चालवायचा परवाना. जुना असता तर मी तो मुकाट्याने परत ठेवला असता. पण हा नवा कोरा होता, दोनच महिन्यांपूर्वी मुदत वाढवून घेतलेला. वर तिचा आताचा, पिकल्या केसांचा फोटो. खाली डॉक्टरांच्या दाखल्याची घडी घातलेली झेरॉक्स.

आमच्याकडे गाडी नाही. गेली अठरा वर्षं नाही. आणि ती का नाही, याचं उत्तर त्या कपाटासमोर उकिडवं बसलं होतं.

गाडी तिची होती, हे आधी सांगायला हवं. आम्ही तेव्हा साताऱ्यात राहायचो. मी सरकारी मोजणीच्या कचेरीत नकाशे सांभाळायचो आणि बायको आसपासच्या तीन शाळांत संगीत शिकवायची. शाळांकडे पेटी नव्हती, म्हणून ती घरची पेटी घेऊन जायची. एसटीचे कंडक्टर तिला लांबूनच ओळखायचे आणि ओळख न दाखवता डबल बेल मारायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस तिने कुणाला न विचारता एक छोटी गाडी घेतली. त्या काळी दर गल्लीत एक असायची तसली, चौकोनी दिव्यांची, चोक ओढून सुरू करायची. गावाबाहेरच्या माळावर आठ दिवसांत ती चालवायला शिकली. तेव्हा ती पस्तिशीची होती. पेटी मागच्या सीटवर डावीकडे, जुन्या नऊवारीने बांधलेली. खेड्यातली पोरं धूळ दिसली की ओरडायची, "आली, पेटीवाल्या बाईंची गाडी आली!"

मी मात्र गाडी शिकलो नाही. एकदा बसलो होतो. क्लच सोडल्यावर गाडीने अशी काही उडी मारली की मी दार उघडून बाहेर आलो, आणि गाडी सुरू असतानाच आलो. त्यानंतर मी शेजारी बसून सूचना द्यायचं काम पत्करलं.

"समोर म्हैस आहे."

"दिसतेय."

"तिच्यामागे रेडकू आहे."

"तेही दिसतंय. मला डोळे नाहीत, असं वाटतंय का तुम्हाला?"

असे आम्ही सुखाने फिरत होतो. मग लेकीच्या बाळंतपणाला बायको तीन महिने पुण्याला गेली. गाडी दारात उभी होती. उंब्रजचा एक भांड्यांचा व्यापारी कचेरीत कामाला यायचा, त्याने विचारलं आणि मी देऊन टाकली. कागदांवर नाव तिने माझंच घातलं होतं, कारण तेव्हा कागदांवर नावं नवऱ्यांचीच असायची. बायको परत आली, रिक्षातून उतरली आणि अंगणातल्या ऑइलच्या डागाकडे बघत उभी राहिली.

"कुठे आहे?"

"दिली."

"आणि पेटी?"

"पेटी घरात आहे."

"बरं," ती म्हणाली.

तिने भांडण केलं असतं तर फार बरं झालं असतं. भांडण आठ दिवसांत संपतं. तिने त्याऐवजी गंमत करायला सुरुवात केली, आणि ती अठरा वर्षं पुरली. एसटी चुकली की ती माझ्याकडे बघून गोड हसायची. पाहुण्यांसमोर सांगायची, "आमच्या यांना व्यवहार फार छान कळतो हो. घरात चालणारी एकच वस्तू होती, नेमकी तीच ओळखून विकली." दुसरी गाडी घेऊ म्हटलं की म्हणायची, "नको, पुन्हा विकायचा त्रास तुम्हाला." मी निवृत्त झालो, आम्ही तिच्या माहेराजवळ, सांगलीच्या अलीकडे माधवनगरला राहायला आलो, जिच्या जन्माच्या वेळी गाडी गेली ती नात कॉलेजात जायला लागली, तरी गंमत चालूच.

आणि इतकी वर्षं ती गुपचूप परवान्याची मुदत वाढवत होती. डोळे तपासून घेत होती. कशासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पिशवी होती तशी ठेवली आणि ठरवलं, गाडी शोधायची.

"पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जाऊन येतो," असं सांगून मी उंब्रजला उतरलो. भांड्यांचं दुकान होतं तिथेच होतं. व्यापारी म्हातारा झाला होता, पण गाडी त्याला चांगली आठवत होती.

"ती व्हय? लय इमानी गाडी," तो म्हणाला. "पन पातेली लादून फिरवायची गाडी न्हवं ती. तीन वर्सांनी कडेगावला आमच्या साडूला दिली. त्यो म्हनला, शेतावर जायाला बरी."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पेन्शनच्या कामाला निघालो आणि कडेगावला गेलो. साडू उसाच्या बांधावर भेटले. शेतावर जायला गाडी बरी नव्हती, असा त्यांचा अनुभव निघाला. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याला जे चर पाडलेत, त्यात ती पोटावर बसायची आणि चाकं नुसती हवेत फिरायची. चार माणसं लागायची उचलायला. तिला थोडी सजवून, रंगबिंग देऊन त्यांनी ती आटपाडीकडच्या एका फौजीला विकली होती. "मेंढपाळ घरचा मानूस. फौजेत ड्रायव्हर व्हता. त्येच्याकडं असंल तर हाय. त्यो वस्तू टाकत न्हाई," ते म्हणाले, आणि वस्तीचा पत्ता सांगितला.

तिसऱ्या वेळी मी पेन्शनचं नाव काढल्यावर बायकोने डबा भरून दिला आणि एवढंच म्हणाली, "सावकाश या. सरकारी काम आहे."

विट्याला एसटी बदलून, पुढे एका फाट्यावर उतरून मी माळावरून दोन मैल चाललो. वस्तीवर एक मोठं लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत ती उभी होती. पांढरी. चारही चाकं जागेवर. मागच्या काचेतून तीन कोकरं माझ्याकडे बघत होती.

फौजी बाजेवर बसला होता. पन्नाशीचा, ताठ, मिशा नीट कातरलेल्या. मी कोण, कुठला, कशासाठी आलो, सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. गाडी चालू होती. मेंढरं चरायला लांब गेली आणि वाटेत एखादी व्याली, की ओली कोकरं घरी आणायला तो ती वापरायचा.

"न्हेताय तर न्ह्या," तो उठत म्हणाला. "पर आदी चालवून बगा, सर. किल्ली आतच हाय."

"मला येत नाही."

"काय?"

"गाडी चालवता येत नाही."

त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, भाईर ये जरा! ह्यो मानूस बग. गाडी घ्याया आलाय सांगलीस्नं, आन गाडी येत न्हाई!"

त्याची बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली. तिनेही मला नीट बघून घेतलं आणि आदराने विचारलं, "मग च्या तर घेता न्हवं?"

चहा मी घेतला. चहा पिता पिता फौजीने निकाल दिला. "सर, म्या चोवीस वर्सं फौजेत ट्रक चालवला. गाडी ड्रायव्हरच्या हातात द्यायाची, मालकाच्या न्हाई. ज्येंची हाय त्यास्नी घिऊन या. चालवून दावू द्या. मग बोलू."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको शिकवणी आटोपून पेटीवर रुमाल घालत होती. तिने माझ्या पायांकडे बघितलं. विजारीला गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ होती आणि चपलेत कुसळं.

"पेन्शनची कचेरी माळावर नेली वाटतं," ती म्हणाली. "आणि मेंढरांचा वास येतोय. साहेब बदललेत का?"

मी सगळं सांगून टाकलं. परवान्यापासून फौजीपर्यंत. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. ती डोळ्यांत पाणी वगैरे आणेल अशी माझी कल्पना होती, आणि त्या प्रसंगी काय बोलायचं तेही मी येताना एसटीत ठरवलं होतं. ते बोलायची वेळ आली नाही.

"उद्या मी मोकळी आहे," ती म्हणाली. "परवा शिकवणी आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने निघालो. ती खिडकीशी, मी कडेला. तासगाव मागे पडल्यावर मला राहवेना.

"मी गाडी का विकली, माहीत आहे तुला?"

"दारात नुसती उभी होती म्हणून. हजारदा सांगितलंत."

"ते खरं नाही."

मग मी जे अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती मला कचेरीच्या फाटकाशी सोडायची, तेव्हा वरच्या खिडकीत माणसं जमायची. मला 'क्लीनर' म्हणायची. शिपाईसुद्धा विचारायचा, आज गाडीला पाणी मारलंत का? सगळ्यांसोबत मीही हसायचो. पुढे पुढे तर पोस्टाच्या कोपऱ्यावर उतरून चालत जायला लागलो, म्हणजे फाटकाशी कुणी बघायला नको. गिऱ्हाईक आलं तेव्हा ती घरी नव्हती, आणि मला वाटलं, सुटलो. एका दिवसात व्यवहार केला.

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर द्राक्षांचे मांडव पळत होते.

"कोपऱ्यावर का उतरायचात ते मला कळत होतं," ती म्हणाली. "मी दोनदा आरशात बघितलं होतं. तुम्ही गाडी वळेपर्यंत थांबायचात आणि मग चालायला लागायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. थोडा उशीर केलात." मग तिने माझ्या बाहीवरचं कुसळ काढून खिडकीबाहेर टाकलं. "आणि क्लीनर म्हणून तुम्ही काही वाईट नव्हता. पुढची काच फार छान पुसायचात."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिची गंमत मला टोचली नाही. पण शेजारी विट्याला उतरणारे एक पाहुणे मघापासून कान देऊन ऐकत होते, म्हणून मी तिकिटाची घडी घालत बसलो.

वस्तीवर फौजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. बायकोने गाडीला एक फेरी मारली. पुढून बघितलं, मागून बघितलं आणि ओठ मुडपले.

"ही माझी नाही."

"अगं, नाही कशी? नंबर तोच आहे."

"नंबर असेल. माझी गाडी पांढरी नव्हती. लोण्याच्या रंगाची होती."

"पांढरीच होती," मी म्हणालो. मला पक्कं आठवत होतं.

फौजी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग तो म्हणाला, "रंगाचं मला ठावं न्हाई, ताई. पर मागल्या शिटाला डाव्या अंगानं खड्डा हाय. स्प्रिंगा दबल्यात. कोकरू तितं ठिवलं की वळनावर पडत न्हाई. म्या म्हनलं, आदीचा मालक लय जाड असनार."

त्याने नकळत माझ्या पोटाकडे बघितलं.

बायकोने मागचं दार उघडलं. डावीकडे एक काळं कोकरू झोपलं होतं. तिने त्याला अलगद सरकवलं आणि सीटवर हात फिरवला. हात पुढे गेला, थांबला, मागे आला. पेटी जेवढी लांब, तेवढाच.

"जाड नव्हता हो कुणी," ती म्हणाली. "पेटी होती."

मग ती पुढे जाऊन बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पदर खोचला. चोक ओढून किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. फौजी तिच्या शेजारी बसला, मी मागे. माझ्या मांडीवर कोकरू, कारण त्याची जागा मी घेतली होती. तिने क्लच इतक्या हळू सोडला की आम्ही हललो ते मला लिंबाचं झाड मागे जायला लागल्यावर कळलं.

"ब्रेक पंप करून मारा, ताई. एका दाबात लागत न्हाई," फौजी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तितं खड्डा हाय, उजवीकडनं." मग तो काहीच बोलेना. माळाला वळसा घालून आम्ही झाडाखाली परत आलो. फौजीने इंजिन बंद करू दिलं नाही.

"अजून येक चक्कर मारा," तो म्हणाला.

दुसऱ्या चकरेत कोकराने माझी विजार ओली केली. ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या दोघांचं गिअरबॉक्सवर बोलणं चाललं होतं.

व्यवहाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याने सांगितलं, आम्ही हो म्हटलं. सांगलीपर्यंत चालवत न्यायचा बायकोचा विचार होता, पण फौजीने साफ नकार दिला आणि ओळखीचा पिकअप बोलावला. गाडी वर चढल्यावर त्याने स्वतः चारही बाजूंनी दोर आवळले, एकदा सोडले आणि पुन्हा आवळले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ताईंचा हात चांगला हाय. तुमी मधी बोलत जाऊ नगा."

माधवनगरला बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीलगत एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी बघितली, खाली वाकून बघितली, पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर दाबला तेव्हा तो आरपार गेला. "भावना समजल्या, काका," ते मला म्हणाले. "गाडी कुठाय?"

तरी त्यांनी ती घेतली. दोन आठवड्यांत देतो म्हणाले आणि साडेतीन महिने लावले. खालचा पत्रा कापून नवा जोडला. रेडिएटर, क्लच प्लेट, ब्रेकचं सगळं काम. काही सामान सांगलीत मिळालं, काही कोल्हापूरच्या भंगार बाजारातून मी आणलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. एकदा मी दोन तास हुज्जत घालून डाव्या दाराचा हँडल आणला. मिस्त्रींनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "छान आहे. आता याला शोभेल असा ट्रक बघा."

रंगाचा प्रश्न आला तेव्हा आमचं पुन्हा जुंपलं. मी म्हणालो पांढरा, ती म्हणाली लोण्याचा. पुराव्यासाठी मी घरातले सगळे फोटो काढले. गाडीचे सात फोटो निघाले आणि सातही फोटोंत गाडीच्या पुढे मी उभा होतो, कमरेवर हात ठेवून. गाडीचा भाग दिसत होता तो बंपरचा कोपरा आणि एक चाक.

"गाडी कुणाची ते फोटो बघून कुणालाही कळेल," बायको म्हणाली.

शेवटी मिस्त्रींनी दाराच्या आतल्या कडेला कानशीने खरवडलं. वर पांढरा, कडेगावचा. त्याच्याखाली लोणी. आणि मग त्यांनी गाडीच्या कागदांची पिशवी मागून घेतली, नोंदणीचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "रंग, आयव्हरी."

पिशवी तीन महिने माझ्याच ताब्यात होती.

"जन्मभर कागद वाचण्याचा पगार घेतला," बायको मिस्त्रींना म्हणाली. "हा एकच वाचायचा राहिला."

पत्र्याचं काम चालू असताना ती रोज शिकवणीनंतर तासभर गॅरेजमध्ये जाऊन बसायची. मिस्त्रींना आधी त्याचा ताण यायचा. मग एक दिवस इंजिन जुळवून त्यांनी ते सुरू केलं आणि समाधानाने हात पुसले. बायको स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होती.

"नाही," ती म्हणाली. "ही काळी दोनच्या पट्टीत गायची. आता चढी लागतेय. आणि मधेच एक सूर गळतोय. तीन लागतात, एक लागत नाही."

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. मीही, त्यांना बरं वाटावं म्हणून, हसलो. मग त्यांनी सहज म्हणून प्लग काढून बघितले. एका प्लगवर काजळी धरली होती. तो बदलला, रेस कमी केली आणि पुन्हा सुरू केलं. बायकोने मान डोलावली. त्या दिवसापासून मिस्त्री तिला दारात बघितलं की स्टूल पुसून ठेवायला लागले. दुसऱ्यांच्या गाड्याही ऐकायला बोलवायला लागले. "काकू, ही जरा ऐका हो, आठ दिवस डोकं खाल्लंय हिनं." ती ऐकायची, आणि बहुतेक वेळा काही ना काही निघायचं. माझ्या ओळखीत पेटी शिकल्याचा असा उपयोग केलेली ती एकटीच.

मागची सीट नवीन करायची वेळ आली तेव्हा कारागिराने विचारलं, स्प्रिंगा बदलू ना? मी घाईघाईने नको म्हणालो. तो खड्डा राहू दे, त्याला हात लावू नकोस, असं मोठ्या भावुकपणे सांगितलं. बायको मागून आली आणि म्हणाली, "बदला हो. बसणारी माणसं आहेत मागे. यांना आठवण हवी असेल तर जुनी स्प्रिंग बांधून द्या."

जुनी स्प्रिंग माझ्या कपाटात आहे.

गाडी तयार झाली. तपासणी झाली, नोंदणीची मुदत वाढून मिळाली. लोण्याच्या रंगात ती दारात उभी राहिली तेव्हा मी नारळ आणला, हार आणला, आणि दोघांनी मिळून साताऱ्याला जायचं, तिच्या तिन्ही शाळांवरून जायचं, असा बेत मनात आखला. पहिल्या दिवशी सकाळी ती "भाजी घेऊन येते" म्हणाली आणि एकटीच गाडी घेऊन गेली. मी फाटकाशी उभा. अर्धा तास झाला, तास झाला. दोन तासांनी आली. पिशवी रिकामी, केस विस्कटलेले, चेहरा असा की मी तो साताऱ्यानंतर बघितला नव्हता.

"कुठे गेली होतीस?"

"पेन्शनच्या कामाला," ती म्हणाली आणि आत गेली.

साताऱ्याला आम्ही पुढे गेलो, तीही हकीकत मोठी आहे, पण तिथल्या तीनपैकी एका शाळेतच कुणी बाईंना ओळखलं, आणि ते बाईंना चाललं. मलाच वाईट वाटलं.

मी गाडीसाठी बाजारातून जाड कापड आणून आच्छादन शिवून घेतलं होतं. ऊन लागू नये, चिमण्या बसू नयेत. ते आच्छादन चार दिवस वापरात होतं. पाचव्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्या बायकोपेक्षा दहा वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि मुलगा परदेशात. त्यांच्या दारात यजमानांची मोठी गाडी धूळ खात उभी असते. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "मला जमेल का हो?"

"आठ दिवसांत जमेल," बायको म्हणाली. "यांना सोडून सगळ्यांना जमतं."

आता रोज सकाळी सात वाजता पुढे-मागे लाल 'एल' चिकटवलेली आमची गाडी गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात फिरते. पहिले दोन दिवस मी मागच्या सीटवर बसायचो, गाडीला काही होऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी वहिनींनी फार नम्रपणे सांगितलं की, भाऊजी मागे श्वास रोखून बसतात, त्याचा आवाज येतो. तेव्हापासून मी मैदानाच्या कडेला एका दगडावर बसतो. गेल्या सोमवारी त्यांनी गाडी गिरणीच्या भिंतीला नेली. डावा दिवा फुटला आणि दाराला हातभर ओरखडा उठला. मी धावत गेलो. आत दोघी हसत होत्या. वहिनी रडताना मी पाहिल्या आहेत, पण अशा हसताना पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे बोलायचं ते मी गिळलं आणि दिव्याच्या काचा गोळा केल्या.

संध्याकाळी फौजीचा फोन आला. तो महिन्यातून एकदा गाडीची खुशाली विचारतो. भिंतीची हकीकत मी जरा दुःखी आवाजात सांगितली.

"किती स्पीड व्हतं?" त्याने विचारलं.

"पहिला गिअर."

"मग काय न्हाई. क्लच-ब्रेकात गोंधळ झाला असंल. ताईंस्नी म्हनावं, बुटं घालून बसवू नगा, अनवानी बसवा."

काल मिस्त्री येऊन ओरखडा बघून गेले. ओरखडा लांबीने बुजवून रंग मारायला एक दिवस पुरेल म्हणाले, आत्ताच घेऊन जातो. मी किल्ली द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात बायको आतून आली आणि म्हणाली, "आत्ता नको. वहिनींचं रिव्हर्स अजून व्हायचंय."